चार प्रतिसाद

सकाळी सहा पस्तीसला श्यामकांतांनी संगणकावर नेहमीचा पत्ता टंकला आणि कळ दाबली. पडद्यावर एकामागून एक चार ओळी उमटल्या. चारही ओळींचा आशय एकच होता. प्रतिसाद नाही.

"आजही नाही," ते पुटपुटले.

तो पत्ता गोवंडीतल्या राजारामांच्या यंत्राचा होता. मुलुंडचे श्यामकांत संस्कृतचे निवृत्त अध्यापक, राजाराम पालीचे. संगणक-जोडणीच्या शब्दांचा मराठी कोश दोघांनी मिळून करायला घेतला होता. 'केबल', 'पोर्ट', 'स्विच' निर्विघ्न पार पडले. 'राउटर'पाशी गाडे अडले. श्यामकांतांना 'मार्गनिर्धारक' हवा होता. राजाराम म्हणाले, "दुकानात जाऊन माग बघू एक मार्गनिर्धारक! दुकानदार तुला रिक्षास्टँड दाखवेल." त्या दिवसापासून सहा वर्षे अबोला.

तरीही स्नानसंध्या आटोपली, की श्यामकांत त्या यंत्राला 'पिंग' करीत. पिंग म्हणजे दूरच्या यंत्राला मारलेली निःशब्द हाक. यंत्र चालू असेल, तर चार हाकांना चार प्रतिसाद येतात. राजाराम एकटे राहत, आणि पहाटे उठल्यावर आधी यंत्र चालू करीत. चार प्रतिसाद दिसले, की श्यामकांत निवांत चहाला बसत. "इंटरनेट तपासत होतो," असे ते पत्नीला सांगत, आणि शुभाताईंनी ते कधी खोटे ठरवले नव्हते. गेल्या आठवड्यात श्यामकांतांना ताप आला, तेव्हा शुभाताईंनी दोन दिवस अंथरुणातून उठू दिले नाही. सहा वर्षांत तेवढाच काय तो खंड.

"काल वीज गेली असेल तिकडे," शुभाताई म्हणाल्या.

"अगं, आजही?"

"मग फोन करा ना! आधी कोण बोललं, हे काय पेपरात छापून येणारे?"

श्यामकांतांनी चहाला हात लावला नाही. चपला सरकवल्या आणि ते खाली उतरले.

रिक्षात त्यांनी अभिमान गिळून फोन लावला. घंटा वाजत राहिली. देवनारपर्यंत त्यांनी पाच वेळा फोन केला. ओठांवर महामृत्युंजय मंत्र आला. राजारामला असले काही चालत नाही, हे आठवून त्यांनी तो मनातल्या मनात म्हटला.

राजारामांचे दुसऱ्या मजल्यावरचे दार नुसते लोटलेले होते. श्यामकांतांनी ते ढकलले.

राजाराम टेबलापाशी बसले होते. समोर बशीने झाकलेले दोन कप.

"ये. चहा निवतोय."

श्यामकांतांनी आधी टेबलावरच्या संगणकाकडे पाहिले. "यंत्र... बंद पडलं का रे?"

"यंत्र ठणठणीत आहे. मीही." राजारामांनी टेबलावर नीट गुंडाळून ठेवलेली केबल उचलून दाखवली. "ही मीच काढली. परवा रात्रीपासून."

"का पण?"

राजारामांनी पडदा त्यांच्याकडे वळवला. यंत्राला आलेल्या हाकांच्या तारखा आणि वेळा यांची लांबच लांब यादी होती, आणि वेळ प्रत्येक ठिकाणी तीच. सहा पस्तीस.

"सहा वर्षं कोणीतरी रोज चारदा कडी वाजवतं आणि न बोलता पळून जातं. हे बघितल्याशिवाय मी चहा टाकत नाही." त्यांचे बोट यादीवरून खाली घसरत एका जागी थांबले. तेथे दोन तारखा गळल्या होत्या.

"गेल्या मंगळवारी-बुधवारी कोणी आलंच नाही, शाम. ते दोन दिवस मी कसे काढले, हे तुलाही कळायला हवं होतं."