चेष्टेचा शेवटचा अर्थ

"अर्थ कपाटात शोधायचा नसतो, पोरी. ज्याच्या तोंडात शब्द आहे, त्याच्या दारात जाऊन बसायचं."

गुरुजींचं हे बोलणं सकाळपासून ताईच्या कानात घुमत होतं. गुरुजी जाऊन वर्ष होत आलं होतं, आणि त्यांच्या शब्दकोशाच्या कचेरीत त्यांच्याच एका शब्दापायी आज मामांची नोकरी जायची वेळ आली होती.

मामा म्हणजे प्रूफं तपासणारे. सगळ्या कचेरीचे मामा. कुणाची पेन्सिल चुकून खिशात राहिली तर ती परत द्यायला पुन्हा जिना चढून येणारा माणूस. आता ते खुर्चीच्या कडेवर अंग चोरून बसले होते.

संपादकांनी दुसऱ्या प्रकाशकाचा नवाकोरा कोश टेबलावर उघडला. "ताई, वाचा. 'चेष्टा'."

ताईने वाचलं. मराठीत थट्टा. बंगालीत प्रयत्न. कानडीत खोडी. संस्कृतात नुसती हालचाल. आणि सगळ्यात शेवटी, डोंगरापलीकडच्या एका बोलीत, निजलेल्याची झोप मोडू नये म्हणून हलक्या पावलांनी चालणं.

"तो शेवटचा अर्थ खोटा आहे," संपादक म्हणाले. "गुरुजींनी स्वतः रचलेला. आपला कोश कुणी उचलला तर चोर सापडावा, म्हणून पेरून ठेवला. मला एकट्याला सांगून गेले. आपला कोश अजून छापला नाही, आणि त्यांच्याकडे नेमका तोच अर्थ! कच्ची पानं घरी कोण नेत होतं, मामा?"

"डोळे अधू झालेत, साहेब. घरच्या खिडकीशी जरा बरं दिसतं म्हणून..." मामा म्हणाले. "मी कुणाला दाखवली नाहीत हो."

"शेवटी शेवटी गुरुजीच येईल त्याला पानं वाचून दाखवायचे," ताई म्हणाली.

"पुरावा?"

पुरावा कुठला असायला! ताईने उघडा कोश स्वतःकडे ओढला. "आणि तो अर्थ खराच असला तर? गुरुजींना वाटलं आपण रचला, पण कुठेतरी कानावरून गेला असेल. कुणी खरंच तसं बोलत असेल तर तो त्यांनाही मिळू शकतो. मग चोरी कसली?"

"तसं बोलणारा एक माणूस आणा. शनिवारी मालक यायच्या आत. मी माझे शब्द मागे घेईन."

घरी ताईचा जीव थाऱ्यावर नव्हता. भाजीत मीठ दोनदा पडलं.

"लक्ष कुठाय, बाई?" सासूबाई घोटभर पाणी पिऊन म्हणाल्या. "कचेरीतली चेष्टा आता ताटात आली होय!"

दुसऱ्या दिवशी तिने दवाखान्यातली बंगाली नर्स गाठली.

"चेष्टा? ती तर मी दिवसभर करते," नर्स म्हणाली. "नवीन होते तेव्हा एका मराठी आजोबांना म्हटलं, 'बाबा, मी चेष्टा करते, तुम्ही पण करा.' त्यांनी गोळ्याच भिरकावल्या माझ्यावर!"

"आणि निजलेल्याजवळून हळू चालणं?"

"त्याला आम्ही नोकरी म्हणतो, दीदी."

कानडी शिंप्याने तोंडातल्या टाचण्या काढल्या. "चेष्टे? म्हणजे माझा नातू. आत्ताच माझी कात्री लपवून पळालाय." हलक्या पावलांचं मात्र त्याने कधी ऐकलं नव्हतं. ताईचा उतरलेला चेहरा बघून तोच म्हणाला, "डोंगरापलीकडची एक म्हातारी वर राहते. तिची बोली बोलणारं इथे दुसरं कुणी नाही. भिंतीशी बोलत असते बिचारी."

ताई मनातल्या मनात देवाचं नाव घेत जिना चढली. म्हातारीने दार किलकिलं केलं, तिला नीट न्याहाळलं आणि आत घेतलं.

ती खाली उतरली तेव्हा शिंपी दुकान आवरत होता.

"मिळालं का काही?"

"आजी कचेरीत यायला तयार आहेत," ताई म्हणाली, आणि डाव्या पायात उजवी चप्पल घालून तशीच चालू लागली.

शिंपीच आजींना कचेरीत घेऊन आला. संपादकांनी त्यांना समोर बसवलं. "ताईंकडे बघू नका, आजी. माझ्याकडे बघा. तुमच्यात चेष्टा कशाला म्हणतात?"

"हळू चालण्याला. कुणी निजलं असलं म्हणजे."

"हे पुस्तकात आहे. पुस्तकात नाही ते सांगा."

मामांनी डोळे मिटून घेतले. म्हातारी आपल्याच पायांकडे बघत बसली.

"माझी आई उजाडायच्या आधी पाण्याला जायची," ती म्हणाली. "आम्ही पोरं पार दारापर्यंत पसरलेली. मधनं ती चेष्टेनं जायची. एकदा मी जागीच होते. पण डोळे उघडले नाहीत. तिला वाटू दिलं, आपली चेष्टा साधली."

संपादकांनी चष्मा काढून पुसला.

"असं कुणी रचू शकत नाही," ते हळूच म्हणाले. मग उठून मामांपुढे उभे राहिले आणि त्यांनी हात जोडले. मामा लहान मुलासारखे रडू लागले.

"ताई, देवासारख्या धावून आलात!" मामा म्हणाले.

ताईने मान वर केली नाही.

सगळ्यांसाठी चहा आला, तोवर शिंपी आजींना घेऊन निघालाही होता. "बसा की घोटभर," संपादक ताईला म्हणाले.

"नको. आजींना शब्द दिलाय."

ती वाटेत कुठे थांबली नाही. दार उघडंच होतं. म्हातारीने पायाने स्टूल पुढे सरकवलं.

"आलीस? मला वाटलं, गरज सरली, आता कशाला फिरकतेस! रोज येईन, तुमची बोली शिकेन, म्हणाली होतीस."

"म्हणाले होते, आजी."

"मग बस. आमच्यात चेष्टा म्हणजे खरं काय, तिथूनच सुरुवात करू."