स्वच्छ काच

गाडीला नवं अपडेट आल्यापासून चार दिवस शेवंता सिग्नलला दिसली नव्हती. अकरा वर्षं तिच्याकडून सोनचाफा घेणाऱ्या मालिनीबाईंच्या जिवाला घोर लागला. पाचव्या दिवशी माशी हाकलायला त्यांनी काच अर्धी खाली केली, तर वरच्या मोकळ्या जागेत शेवंताचा चेहरा आणि खालच्या काचेत नुसता रिकामा रस्ता!

“आजी, रोज हाका मारते. रागावलात व्हय माझ्यावर?”

मालिनीबाईंनी तिथूनच कंपनीला फोन लावला.

“मॅडम, बहुतेक चालकांनी हेच मागितलं होतं,” फोनवरची बाई गोड आवाजात म्हणाली. “सिग्नलवरची माणसं दिसायला नकोत. गाडी त्यांना धडकत नाही, फक्त काच दाखवत नाही.”

“मी सीट उंच करा म्हटलं होतं गं, मेले!”

शिसारी येऊन त्या खाली उतरल्या आणि शेवंताशेजारी उभ्या राहिल्या. तेवढ्यात बिल्डिंगमधले कारखानीस तशाच गाडीतून येऊन थांबले. मालिनीबाईंनी त्यांच्या काचेवर थाप मारली. कारखानिसांनी दचकून बघितलं, अगदी मालिनीबाईंच्या तोंडाकडे. मग कोणीच नाही अशी खात्री करून ते पुन्हा निवांत दात कोरू लागले.