फोल्डरमधला फोटो

"ताई, फोटो या फोल्डरमा टाकसू ते बठ्ठा गाणासवर हाईच पोर दिसी. मंग माले बोलू नका," भटूने मला बजावलं होतं.

धुळ्यात आमच्या गल्लीच्या तोंडाशी भटूचं मोबाईलचं दुकान आहे. लोकांना पेनड्राइव्हमध्ये गाणी भरून देतो. मी माझ्या आवाजात रेकॉर्ड केलेली अंगाई घेऊन गेले होते. माझ्या नवऱ्याला, हितेंद्रला, ती त्याच्या पिकअप गाडीत लावायची होती. आणि स्क्रीनवर भूमिकाचा फोटो हवा होता. सव्वा वर्षाची भूमिका तेव्हा माझ्या कडेवर किंचाळत होती.

"टाका हो, कोण बघतंय," मी म्हणाले.

पिकअपच्या स्क्रीनवर फोटो आला. भूमिकाचा चेहरा एका गोलात संथ फिरत होता आणि भोवती रंगीत दांड्या ठेक्यावर उसळत होत्या. पुढच्या गाण्यांत ढोल वाजला की दांड्या लाल व्हायच्या आणि तिच्या गालापर्यंत यायच्या.

"बंद कर ते," मी म्हणाले.

"अगं, गाण्याच्या रेघा आहेत त्या. चावणार आहेत का तिला?" हितेंद्र हसला.

आठवड्याभरात भटूचं म्हणणं खरं झालं. त्याच फोल्डरमधून तो सगळ्यांना गाणी भरून द्यायचा. ज्या गाण्याला स्वतःचं चित्र नाही, त्यावर भूमिका. रिक्षात बसले तर हळदीचं गाणं आणि माझी मुलगी. रसवंतीवर अहिराणी गाणं, तिथेही तीच फिरतेय.

भटूला फोटो काढायला लावला. "मी काढा ताई. पन लोकेसनी कॉपी करेल शे, ते कशा काढू?"

मग एक दिवस त्यानेच सांगितलं. गाण्यांच्या फाइलींवर त्याच्या दुकानाचा नंबर असतो, त्यावर नरडाण्याहून एक बाई रोज फोन करते. एकच विचारते. हाई पोर कोनी शे, कोठे ऱ्हास?

"तुम्ही काय सांगितलंत, भटूभाऊ?"

"पत्ता दिना तुमना. रडी ऱ्हायनी व्हती ती."

त्या दिवसापासून मी दाराला आतून कडी लावू लागले. भूमिकाला अंगणात सोडलं नाही. शिरपूरला माहेरी जायचं होतं, तेही टाळलं.

"पोरगी जिल्हाभर हिट झाली आणि आई कडी लावून बसली," हितेंद्र चिडवायचा. मग माझा चेहरा पाहून गंभीर झाला. "पोलिसांत सांगून ठेवू का?"

"नको," मी पटकन म्हणाले. "उगाच बोभाटा."

ती आली भर दुपारी, नेमका हितेंद्र जेवायला घरी असताना. त्यानेच दार उघडलं. किडकिडीत बाई, गळ्यात कंपनीचं ओळखपत्र. नाव रुपली म्हणाली. गाव सातपुड्याकडचं, आता नवऱ्यासोबत नरडाण्याला कामाला, स्टेशनमागच्या चाळीत राहते.

"घाबरू नका, बाई. मी काही करणार नाही." तिने फोन पुढे केला. भूमिका फिरत होती. आवाज पूर्ण बंद होता, तरी दांड्या उसळतच होत्या. "गाणं ऐकत नाही मी. फक्त हिला पाहते."

"का?" मी विचारलं.

"माझी पहिल्याच दिवशी गेली. शिरपूरच्या दवाखान्यात. तिचा फोटोसुद्धा नाही माझ्याकडे." तिने पदराला हात पुसले. "एकदा हातात देता?"

"दे ना, मयुरी," हितेंद्र हळूच म्हणाला. "काय जातंय आपलं?"

"ताप आहे तिला." ताप नव्हता. भूमिका माझ्या कडेवरून हात पसरून तिच्याकडे झेपावत होती. मी तिला आतल्या खोलीत नेऊन दार लोटलं.

बाहेरून आवाज आला. "राहू द्या, भाऊ. परक्या माणसाकडे लेकरू देऊ नयेच. चांगली आई आहे ती." हितेंद्रने पाणी विचारलं. तिने घेतलं नाही. उंबऱ्यावर चारोळीची पुडी ठेवली आणि गेली.

"दगडाचं काळीज आहे तुझं," हितेंद्र त्या दिवशी मला म्हणाला.

या गोष्टीला महिना झाला. भटू म्हणतो, तिचे फोन थांबले, आता लावला तर बंद येतो. तुम्ही कधी नरडाण्याला उतरलात, तर स्टेशनमागच्या चाळीत रुपलीला बघून याल? जेवते का, कामावर जाते का, एवढंच. मला जाता येत नाही. शिरपूरच्या दवाखान्यात तिचा डोळा लागला असताना माझं गार पडलेलं बाळ तिच्या कुशीत ठेवून तिची भूमिका मीच उचलली होती.