पायगुण

सून घरात आल्यापासून तूरडाळ शिजत नव्हती. डाळ तीच, कुकरही तोच होता, तरी पाच शिट्ट्यांनंतर दाणे वरणात अख्खेच राहत. साबणाला फेस येत नव्हता. देवघरातल्या तांब्यावर पांढरा थर धरत होता.

"तीस वर्षं या घरात वरण कसं मऊसूत व्हायचं," सासूबाई शेजारच्या सोनटक्के काकूंना ऐकवत. "हिनं माप ओलांडलं आणि अन्नानं पाठ फिरवली. पायगुण म्हणतात तो हाच!"

काकू मान डोलावत. डाळ त्यांच्याही घरी शिजत नव्हती; पण आपल्या स्वयंपाकघराची अब्रू चव्हाट्यावर कोण मांडणार?

चौथ्या महिन्यात सासूबाईंनी त्याच डाळीचा डबा सुनेच्या हातात ठेवला. "माहेरी जा, आणि शिजवायला शिकून ये." नवऱ्याने तिची बॅग रिक्षात ठेवली.

माहेरी ती डाळ तिसऱ्या शिट्टीला शिजली. तिने भावाकरवी सासरच्या नळाचे पाणी कॅनमध्ये मागवले आणि उरलेली डाळ त्यात लावली. दाणे कच्चे राहिले. प्रयोगशाळेने पाणी तपासले. कॅल्शियमचे प्रमाण मर्यादेच्या तिप्पट होते, आणि कॅल्शियम डाळीला मऊ होऊ देत नाही. तिने अहवाल सासरी पाठवला. तो पोचण्याआधीच घटस्फोटाची नोटीस आली.

लग्न बारा मे रोजी झाले होते. अकरा मे रोजी नगरपालिकेने नदीचे पाणी बंद करून नळाला बोअरचे पाणी सोडले होते.