मॉरिसमधली ती

दुसरं कडवं सुरू झालं आणि वैभवीने ग्लास टेबलावर जरा जोरातच ठेवला. या कडव्यात ‘ती’ यायची.

पबच्या छोट्याशा स्टेजवर तिचा नवरा अपूर्व डोळे मिटून गात होता. डोक्यावर हॅट, गळ्यात गिटार आणि गाणं अस्सल अमेरिकन कंट्री. हिरवी जुनी मॉरिस मायनर, धो धो पाऊस, बंद पडलेले वायपर. शेजारच्या सीटवरची मुलगी खिडकीतून हात काढून आपल्या पिवळ्या स्कार्फने काच पुसते. ती बेसूर गाते, तो हसतो, आणि रस्ता संपू नये म्हणून गाडी हळू चालवतो.

लोक या गाण्यापायी खुळे झाले होते. लंडनजवळ पिनरच्या या पबमध्ये दर गुरुवारी याचीच फर्माईश. ब्रिस्टलला जुन्या गाड्यांचा मेळावा होता, तिथे तर पांढऱ्या मिशांचे गोरे आजोबा आपापल्या बॉनेटला टेकून डोळे पुसत होते. पाणी वैभवीच्याही डोळ्यांत आलं होतं, पण ते रागाचं.

अपूर्वकडे मॉरिस कधीच नव्हती. मग हे सुचलं कुठून? लग्नाला इतकी वर्षं झाली, बायकोवर याने साधी चारोळी केली नव्हती.

तिचा संशय चैत्रालीवर होता. चैत्राली नागपूरची, बँडमध्ये व्हायोलिन वाजवायची, आणि तिचा रेनकोट पिवळा होता. संशयाला एवढं पुष्कळ झालं. गणपतीला वैभवीने सगळ्यांना दोन-दोन मोदक वाढले आणि चैत्रालीला एक.

घरी सासूबाईंजवळ तिने एकदा मन मोकळं केलं. सुप्रभाताई म्हणजे इथल्या मराठी मंडळातला सगळ्यात पक्का सूर. पबमध्ये त्या कधी आल्या नव्हत्या. “ते घोड्यावरचं संगीत मला कळत नाही,” म्हणायच्या.

“गाण्यातल्या बाईवर कुणी जळतं का गं?” त्या म्हणाल्या.

“तुम्हाला नाही कळायचं, आई. बाबांनी तुमच्यावरून नजर तरी हलवली का कधी?”

सुप्रभाताई हसल्या. मग नेहमीप्रमाणे लग्नानंतर इंग्लंडात आल्या त्या दिवसाची गोष्ट सांगायला लागल्या. विमानतळावरून बसने घरी येणं, बर्फाच्या चिखलात भिजलेला शालू. वैभवीने ती शंभरदा ऐकली होती. ती मान डोलवत राहिली आणि मनात चैत्रालीचाच विचार करत राहिली.

शेवटी एका रविवारी तिने अपूर्वला स्वयंपाकघरात गाठलं.

“कोण आहे ती?”

“कोण ती?”

“पिवळ्या स्कार्फवाली.”

अपूर्व खो खो हसला. त्याचा जन्म इथलाच, त्यामुळे त्याचं मराठी कायम लंगडं. “अगं, ते सगळा बाबांचा आहे. त्यांच्या डोळ्याचा ऑपरेशन झाला ना, मी त्यांना आणत होतो. पाऊस होता. ते आपोआपच बोलायला लागले. मॉरिस, स्कार्फ, सगळा. मी फक्त कॉर्ड्स लावले.”

“म्हणजे ती आई?”

“ऑबव्हियसली. दुसरं कोण असणार?”

वैभवीला इतकं हलकं वाटलं की तिने त्याच संध्याकाळी चैत्रालीला जेवायला बोलावलं. मग ती सासूबाईंकडे धावली.

“आई, ते गाणं तुमच्यावर आहे! बाबांनी सांगितलं आणि अपूर्वने लिहिलं.”

सुप्रभाताई मेथी निवडत होत्या. “यांनी सांगितलं?”

“सगळं. तुम्ही बेसूर गायलात म्हणे. प्रेमात सूर सुटतोच हो कधी कधी.”

“गाडी कसली म्हणालीस?”

“मॉरिस. हिरवी.”

“असं.” त्यांनी दोन काड्या निवडल्या. “ती स्कार्फची ओळ सांग बघू पुन्हा.”

वैभवीने सांगितली. वर मराठीत अर्थही सांगितला, त्याची काही गरज नव्हती.

मंडळाच्या दिवाळीच्या कार्यक्रमात हे गाणं व्हायलाच हवं, असा ध्यास तिने घेतला. “कशाला उगाच जुन्या गोष्टी,” सासरे, म्हणजे डॉक्टर माधवराव, पुन्हा पुन्हा म्हणत राहिले. या वयातही लाजतात, असं तिला वाटलं. तिने दुकानं पालथी घालून एक पिवळा स्कार्फ आणला आणि कार्यक्रमाच्या दिवशी स्वतःच्या हाताने सासूबाईंच्या गळ्यात घातला. त्यांनी तो घालू दिला.

“हा गाणं माझ्या आईसाठी,” अपूर्वने माइकवर सांगितलं, आणि हॉलभर शिट्ट्या झाल्या. दुसऱ्या कडव्याला सगळ्यांनी माना वळवून सुप्रभाताईंकडे पाहिलं. त्या ताठ बसून ऐकत होत्या. शेजारी माधवराव बुटाची नाडी बांधत होते. कडवं संपलं तरी त्यांची नाडी बांधून झाली नव्हती.

गाणं संपलं. बायकांनी एकच गिल्ला केला, “उखाणा! सुप्रभाताई, उखाणा!” सगळ्यात मोठा आवाज वैभवीचा होता. तिनेच हाताला धरून त्यांना स्टेजवर नेलं. आपण ज्या बाईवर इतके दिवस जळलो ती आपल्याच घरात होती, या विचाराने तिला भरून आलं होतं.

सुप्रभाताईंनी गळ्यातला स्कार्फ काढला, नीट घडी करून सुनेच्या हातात दिला आणि माइक घेतला. समोर माधवरावांनी अखेर मान वर केली. सगळ्यांनी टाळ्यांसाठी हात तयार ठेवले. सुप्रभाताईंचा आवाज नेहमीसारखाच सुरात होता.

“हिरवी मॉरिस विकून माधवराव बोहल्यावर चढले,
त्या गाडीचे दर्शनसुद्धा मला नाही घडले.”