रॅमच्या दोन पट्ट्या
किकवीहून दुरुस्तीला आलेल्या कुमारने कॉम्प्युटरचं बाजूचं झाकण उघडलं आणि रत्ना दोन पावलं मागे सरकली.

"वहिनी, रॅम परत सैल झालीया. ह्या महिन्यात तिसऱ्यांदा," तो म्हणाला. "आपोआप कशी निघती, कळंना."

रत्नाला चांगलंच कळत होतं. दर वेळी ती स्वतःच मेमरीच्या त्या पट्टीच्या टोकाची क्लिप अंगठ्याने मागे सारायची. मशीन चालू न होता नुसतं बीप-बीप बोंबललं की नवरा, धनाजी, नाइलाजाने तिला घरी घेतलेलं टायपिंग पुरं करायला भोरच्या ऑफिसात पाठवायचा. एरवी त्याचं एकच पालुपद. घरात कॉम्प्युटर असताना बाईमाणसाने एस.टी.चे धक्के खायचे कशाला? लग्नाला चार वर्षं झाली होती आणि भाटघर धरणाच्या पाण्याकाठची ही वाडी सोडून तिने काही पाहिलं असेल तर ते त्या खेपांतच. आता ऑफिसच्या मॅडमनी निरोप धाडला होता, सोमवारी सकाळी येऊन कायमच्या खुर्चीवर बसा, नाहीतर ती दुसरीला देऊ. आज रविवार होता.

सासू धोंडाबाई कॉटवर बसून टक लावून बघत होती. कुमारला फोन करायला लावला तो तिनेच. घरातली बारीकसारीक गोष्ट लेकाच्या कानावर घातल्याशिवाय तिला घास गोड लागत नसे. रत्ना तिच्याकडे बघायचंच टाळत होती.

कुमारने पट्टीची पिवळी कड खोडरबराने घासली आणि ती खाचेत बसवली. मग शेजारच्या खाचेत नवी, दुप्पट मोठ्या मेमरीची पट्टी दाबली. कट्‌ असा आवाज आला.

"व्हय रं, ही काडायची कशी?" धोंडाबाईने विचारलं.

"दोनी टोकाच्या क्लिपा मागं सारायच्या, मावशी. आपसूक वर येती."

"आन् दोनी पट्ट्या काडल्या तर?"

"मग मशीन नुसतं बोंबलंल. पर आता एक सैल झाली तरी दुसरीवर चालंल. दोनी एकदम निघाल्या, तर समजायचं कुनाचा तरी हात लागला."

धनाजी दारात उभा राहून ऐकत होता. त्याने रत्नाकडे पाहिलं. "चला, भोरचं निमित्त संपलं!"

कुणीतरी बाहेरून कडी घातली, असं रत्नाला वाटलं. म्हातारीने खोदून खोदून विचारलं आणि आपल्याला पुरतं कोंडून टाकलं.

सोमवारी सकाळी पावणेआठला तिने मन मारून घरीच टायपिंगला बसायला बटण दाबलं. मशीन बोंबलायला लागलं. तिने तर हातही लावला नव्हता! धनाजी तोंडात ब्रश तसाच धरून आला आणि झाकण ओढलं. दोन्ही खाचा रिकाम्या होत्या.

"कुठं लपवल्यास?"

"म्या न्हाई! देवाशप्पत, म्या हात बी लावला न्हाई."

"मग काय भुतानं काडल्या? आज उंबरा वलांडून तर बघ!"

रत्नाला रडू फुटलं. तीनदा लबाडी केली तेव्हा सुटली होती आणि आज खरं बोलत होती तर कुणी ऐकत नव्हतं. भोरची आठची गाडी यायला दहा मिनिटं उरली होती.

तेवढ्यात धोंडाबाई मागच्या दाराने आत आली. तिचं लुगडं पोटऱ्यांपर्यंत ओलं होतं. तिने चुलीजवळ भरून ठेवलेला जेवणाचा डबा उचलून रत्नाच्या हातात दिला, "गाडी गाठ," म्हणाली आणि लेकाकडे वळली.

"तिच्यावर कशाला डाफरतोस? म्या काडल्या, आन् धरणात टाकून आले."