जाहिरातीतला माणूस

"त्या पिकअपच्या जाहिरातीत मी आहे," असं गाड्यांच्या कारखान्यात फिटर असलेले वडील आयुष्यभर छाती फुगवून सांगायचे. फोटोत तर चिटपाखरू नव्हतं. पोत्यांनी शिगोशीग भरलेली गाडी तेवढी रुबाबात उभी. घरात सगळे त्यांना थापाडे म्हणायचे.

ते गेल्यावर भिंतीवरची ती जुनी जाहिरात उतरवताना गॅरेज चालवणाऱ्या लेकीचा हात थांबला.

"आई, एवढं ओझं आहे आणि मागच्या चाकांवरचे स्प्रिंगचे पाटे जरासुद्धा दबलेले नाहीत. असं होत नाही गं."

"पोत्यांत भुसा असेल. जाहिरातवाल्यांचं काय घेऊन बसलीस?"

लेकीने फोटो खिडकीपाशी नेला. मागच्या चाकाआडच्या सावलीत जॅकचा दांडा होता आणि त्यावर आवळलेली एक मूठ, बाबांसारखीच करंगळीचं पेर नसलेली.

"गाडी वाकलेली दिसू नये म्हणून बाबांनी खालून उचलून धरली होती," ती म्हणाली.

आईने चष्मा पुसून पुन्हा लावला. तिने त्या मुठीवरून बोट फिरवलं.

"घरातही तसंच होतं त्यांचं. आपल्याला नुसती गाडी दिसायची."